पोर्टची कड

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एक अंबरनाथहून येतो, दुसरी बदलापूरहून येते. महाविद्यालय एकच, आणि कर्जत लोकलशी असलेली दोघांची भांडणेही एकच. इंजिन या विषयावर लिहिण्याचा आम्हांस काडीचाही अधिकार नाही, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. आमच्यापैकी एकाला स्कूटरचा प्लग काढून पुसता येतो, दुसरीला तोही येत नाही. असे असूनही गेल्या वर्षभरातले आमचे बहुतेक शनिवार एका इंजिनाच्या सहवासात गेले. त्याचे कारण सांगायचे तर लाल शाईच्या एका पेनापासून सुरुवात करावी लागते.

२०१०-११ हे शैक्षणिक वर्ष. आम्ही नुकतेच सेवेत कायम झालो होतो, आणि नव्याने कायम झालेल्या अध्यापकाच्या ठायी जी एक करडी शिस्त असते ती आमच्या ठायी पुरेपूर होती. वर्गात नारायण सुर्व्यांचा ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) हा संग्रह चालू होता. त्याला धरून द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना आम्ही ‘परिसरातील श्रमजीवन’ हा प्रकल्प दिला. मर्यादा पाच पानांची. अंबरनाथचा एक विद्यार्थी, ज्याचे वडील तेथील आयुध निर्माणीत टर्नर होते, बावीस पाने घेऊन आला. शीर्षक होते ‘आरएक्सचा आवाज’. यामाहा आरएक्स १०० या मोटारसायकलीच्या सिलिंडरमधली भोके कानशीने कशी वाढवतात आणि त्यामुळे तिच्या सायलेन्सरचा आवाज का बदलतो, एवढाच त्या बावीस पानांचा विषय.

आम्ही ती पाने वाटून घेऊन तपासली. एकाने आशय पाहिला, दुसरीने भाषा. ‘भोक’ हा शब्द सतरा ठिकाणी आला होता, तो सतराही ठिकाणी आम्ही ‘छिद्र’ असा दुरुस्त केला. शेवटच्या पानावरचा शेरा आजही आम्हांस तोंडपाठ आहे : ‘विषयाची निवड अयोग्य. भाषा ग्राम्य. पृष्ठमर्यादेचे उल्लंघन. पुनर्लेखन करावे.’ त्याने पुनर्लेखन केले नाही. तृतीय वर्षाला तो आलाच नाही. घरच्या अडचणी होत्या, असे नंतर कानावर आले. पण अडचणींच्या त्या यादीत आमचा शेरा कितव्या क्रमांकावर होता, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

आणि याच वर्गाला पुढच्या सत्रात आम्ही त्रिं. ना. आत्र्यांचा ‘गावगाडा’ (१९१५) शिकवला. बलुतेदारांच्या धंद्यातले शब्द आत्र्यांनी कसे टिपून ठेवले, यावर एक संपूर्ण तास घेतला. असो.

गेल्या वर्षी उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारमध्ये आमच्यापैकी एकीच्या स्कूटरने रस्त्यातच मान टाकली. जवळच्या गॅरेजात ढकलत नेली, तर आतून हाक आली, “मॅडम, सांभाळून. तिथं ऑइल सांडलंय.” तोच होता. कानांवरचे केस पांढरे झालेले, हाताखाली चार मुले. स्कूटर वीस मिनिटांत सुरू झाली. पैसे घेतले नाहीत. मग म्हणाला, “तुमच्याकडं एक काम होतं. सरांनाही घेऊन या.”

काम असे : मुंबईतल्या एका हौशी मालकाच्या जुन्या माझदा गाडीचे १३-बी जातीचे रोटरी इंजिन त्याच्याकडे सुटे होऊन आले होते. (गॅरेजापासून काही अंतरावर उल्हासनगरचा प्रसिद्ध जपानी बाजार आहे. तेथे कपडे मिळतात. त्या परिसरात खरोखरच जपानी अशी वस्तू आम्ही प्रथमच पाहत होतो.) मुलांना दट्ट्याचे इंजिन डोळे झाकून खोलता येते, हे त्यांनी कधी पाहिलेले नव्हते. कोणी मराठी, कोणी सिंधी, एक उत्तर प्रदेशचा. मोबाइलवरचे इंग्रजी व्हिडिओ पाहून ते चित्र समजत, कारण समजत नसे. “सगळ्यांना मराठी वाचता येतं. एक पान लिहून द्या. भिंतीला लावतो.” आम्ही होकार दिला. नकार देण्याच्या स्थितीत आम्ही नव्हतो.

आता ते इंजिन. फेलिक्स वांकेल (१९०२–१९८८) हा जर्मन गृहस्थ अभियांत्रिकीची पदवी न घेतलेला. त्याच्या कल्पनेतले पहिले इंजिन एनएसयू या कंपनीत १९५७ साली फिरले. जपानच्या माझदाने ते १९६७ च्या कॉस्मो गाडीत बसवले, आणि बाकीच्यांनी नाद सोडल्यावरही ते सोडले नाही. यात दट्ट्या खालीवर होत नाही. कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोल पोकळीत तीन कोनांचा, बाजू फुगलेला एक लोखंडी ठोकळा गरगरतो. त्याला रोटर म्हणतात. गॅरेजातली मुले त्याला पहिल्या दिवसापासून समोसा म्हणत होती, आणि याहून नेमकी उपमा आम्हांस अजून सुचलेली नाही. समोशाच्या तीन कोनांवर तीन पट्ट्या असतात, त्या पोकळीची भिंत घासत जातात. त्यामुळे पोकळीचे तीन गाळे पडतात. प्रत्येक गाळा फिरता फिरता मोठा होतो, लहान होतो, पुन्हा मोठा, पुन्हा लहान : आत ओढणे, दाबणे, जळणे, बाहेर टाकणे. समोसा एकदा फिरतो तेव्हा मधला दांडा तीनदा फिरतो. १३-बी मध्ये असे दोन समोसे. एकेका गाळ्याचे माप ६५४ घनसेंटिमीटर.

आमच्या दृष्टीने खरी गंमत पुढे आहे. आपल्या नेहमीच्या चारचाकीच्या इंजिनात झडपा असतात. हवा केव्हा आत यावी आणि धूर केव्हा बाहेर जावा, हे त्या झडपा ठरवतात, आणि झडपांना एक वेगळा दांडा हलवतो. वेळ चुकली तर दांडा बदलता येतो. रोटरीत झडपाच नाहीत. बाजूच्या बिडाच्या पाटाला एक भोक असते, त्याच्यावरून समोशाची कूस सरकत जाते. भोक उघडले की हवा आत, झाकले की बंद. धुराचे भोक पोकळीच्या वक्र भिंतीत असते. त्याच्यावरून कोनाची पट्टी जाते. म्हणजे वेळ ठरवते ती केवळ भोकाची कड. कड जिथे कोरली तिथे तो क्षण कायमचा कोरला गेला. अर्धा मिलिमीटर कानस मारली की क्षण सरकला, आणि बिडावरचा काढलेला कण परत चिकटवता येत नाही. हेच आरएक्सच्या सिलिंडरमध्येही होते; धुराच्या भोकाची वरची कड थोडी वर नेली की वरच्या वेगात जोर वाढतो आणि खालच्या वेगात गाडी दम टाकते. १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनलेल्या त्या ९८ सीसीच्या गाडीबद्दल आमच्या विद्यार्थ्याने हेच तर लिहिले होते. तेव्हा आम्हांस फक्त भोके दिसली.

मुंबईहून आलेल्या या इंजिनावर आधीच कोणीतरी हात चालवला होता. हवेचे भोक मोठे करण्याच्या ज्या रीती आहेत त्यांतली सौम्य रीत म्हणजे असलेल्याच भोकाच्या कडा थोड्या सरकवणे. कड अशी सरकवली की भोक उशिरा मिटते. वेगात असताना नळीतून येणाऱ्या हवेला स्वतःचा रेटा असतो, त्यामुळे गाळा लहान होऊ लागला तरी ती आत शिरत राहते. सावकाश चालताना मात्र तो रेटा नसतो, आणि आत आलेला माल आल्या वाटेने परत बाहेर ढकलला जातो. दुसरी रीत धाडसाची. मूळ भोकाच्या बाहेरच्या अंगाला भुवईसारखी आणखी एक फट पाडायची आणि दोहोंच्या मध्ये धातूचा एक बारीक पूल राखायचा, कारण कोनाची लहान गोल सील त्याच पुलावरून सरकत जाते. पूल तुटला की सगळे संपले. अशा इंजिनात धुराचे भोक मिटण्याआधीच हवेचे उघडते. सावकाश वेगात जळका माल ताज्यात मिसळतो आणि इंजिन धाप लागल्यासारखे अडखळत फिरते. शर्यतीच्या मैदानावर हे चालते. सायन-पनवेल रस्त्यावर चालत नाही. मालकाची तक्रार तीच होती : सिग्नलला गाडी बंद पडते, आणि वेगातही वाटला होता तेवढा जोर नाही.

“आधीच्याने भरपूर काढलंय,” आमचा विद्यार्थी बोट आत फिरवत म्हणाला. “सगळ्यांना वाटतं, भोक मोठं म्हणजे हवा जास्त.”

मग त्याने आम्हांस आपला डबा दाखवला. प्लायवूडची पेटी, तिला दोन जुन्या व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारी, वर इंजिनाचा पाट घट्ट बसवण्याची सोय, आणि बाजूला पारदर्शक नळीत कुंकवाचे पाणी. मोटारी पोर्टमधून हवा ओढतात. एका नळीवर ओढ नेहमी दहा इंच पाण्याएवढी कायम ठेवायची. दुसरी तिरपी नळी किती हवा गेली ते दाखवते. वडिलांच्या हाताखाली शिकलेला मुलगा, त्यामुळे प्रत्येक मोजमाप तीनदा आणि वहीत तारखेसह. (ती वही आम्ही चाळली. ‘ळ’ आणि ‘ल’ यांत अजूनही घोटाळा आहे. आम्ही काही बोललो नाही.)

भाद्रपदाचे दिवस होते. घरच्या मूर्तीची उरलेली शाडूची माती त्याने डब्यात भरून आणली होती. तिचा बोटभर गोळा त्याने भोकाच्या आतल्या वळणावर, तळाशी, अंगठ्याने चोपडला. म्हणजे आधीच्या माणसाने जे कोरून काढले होते, ते अंशतः बुजवले. मोटारी सुरू केल्या. तिरप्या नळीतले कुंकू पूर्वीच्या खुणेपेक्षा वर चढले.

आम्ही ते दोनदा करून दाखवायला सांगितले. माती काढली, कुंकू उतरले. माती लावली, चढले. भोक लहान झाले होते आणि हवा अधिक जात होती. कारण त्याने असे सांगितले, आणि ते आम्ही त्याच्याच शब्दांत देतो : “हवा वळणावर भिंत सोडते, मॅडम. उडी मारते. भिंतीपाशी मग नुसता भोवरा राहतो, जागा अडवून बसलेला. तिथं कितीही कोरा, तुम्ही भोवऱ्याला खोली बांधून देताय. माती भरली की हवेला धरायला भिंत मिळते.” पुढच्या तीन शनिवारी त्याने मातीने आकार शोधला, पुसला, पुन्हा शोधला, मग मातीच्या जागी लोखंडाची पूड मिसळलेली इपॉक्सीची लांबी भरली, ती सुकल्यावर घासली. भुवईची फटही त्याने अर्धी बुजवली. शेवटी पाट आणि हवेची बाहेरची नळी जिथे जुळतात तिथली कड पाहिली. नळीचे तोंड पाटाच्या तोंडापेक्षा नखभर आत आले होते, आणि आधीच्या कारागिराने त्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. ती पायरी मोडल्यावर कुंकू जेवढे चढले, तेवढे त्या सगळ्या कोरण्याने चढले नसावे.

धुराचे प्रकरण निराळे, कारण तेथे डबा फारसा कामाचा नाही. डबा सलग प्रवाह मोजतो, चालत्या इंजिनातून धूर ठोक्याठोक्याने सुटतो. प्रत्येक ठोक्याबरोबर नळीतून दाबाची एक लाट आवाजाच्या वेगाने धावत जाते. नळीच्या मोकळ्या तोंडाशी ती उलटते आणि ओढ बनून मागे येते. ती ओढ भोकाशी वेळेवर पोचली तर उरलेला धूर उपसून नेते, शिवाय ताज्या हवेलाही आत खेचते. अवेळी पोचली तर नुकसान. म्हणून नळी किती लांब, दोन नळ्या कुठे एकत्र यायच्या, हेच सगळे. मूळ मालकाने हौसेने लावलेली नळी इंजिनापासून वीतभरावरच दुसरीला मिळत होती, आणि तीही चुण्या पडलेल्या वळणाने. आमच्या विद्यार्थ्याने सारख्या लांबीच्या दोन जाड नळ्या स्वतः वेल्ड केल्या. भोकाला मात्र त्याने जवळजवळ हात लावला नाही. खालची कड कोरली तर जळता माल काम संपवण्याआधीच निसटतो. रुंदी वाढवली तर कोनाची पट्टी आधाराविना वाकते. कडांची धार तेवढी मारली, पट्टी अडकून तुटू नये म्हणून.

धुराच्या नळीतल्या या विद्येवरून एकदा देशांतर घडले आहे. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वाल्टर काडेन याने दोन-स्ट्रोक इंजिनांच्या फुगीर नळ्यांतून हीच उलटणारी लाट कामाला लावली. १९६१ साली त्याचाच स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीहून परतलाच नाही. ती विद्या घेऊन तो जपानच्या सुझुकीकडे गेला, आणि १९६२ साली सुझुकीसाठी ५० सीसी वर्गाचा जगज्जेता झाला. आरएक्सच्या पोटाखालचा सायलेन्सर हा त्याच घराण्यातला. हे आम्ही मुलांना सांगितले, तेव्हा त्यांनी प्रथमच आमच्याकडे आदराने पाहिले. हवेच्या बाजूचे असेच नवल १९९१ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत दिसले. ती जिंकणाऱ्या माझदा ७८७बी गाडीच्या चार रोटरांच्या इंजिनात हवेच्या नळ्यांची लांबी धावतानाच कमीजास्त होत असे.

आणि हे सारे परदेशातलेच आहे असेही नाही. अहिल्यानगरला, म्हणजे त्या वेळच्या अहमदनगरला, संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. तिने बंगळूरच्या दोन संस्थांसह ‘निशांत’ या मानवरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे वांकेल इंजिन देशातच घडवले, आणि मार्च २००९ मध्ये कर्नाटकात कोलारजवळ ते इंजिन बसवलेले विमान उडाले. याचा अर्थ असा की, आम्ही ‘भोक’चे ‘छिद्र’ करीत होतो त्याच्या साधारण वर्षभर आधी, याच राज्यात, मराठी घरांतली काही माणसे अशाच भोकांच्या कडा मोजत असली पाहिजेत. ती आपसांत कोणते शब्द वापरीत असतील? ते कोणीतरी टिपून ठेवायला हवे होते. टिपून ठेवणे हे आमचे काम.

सायलेन्सर काढून रस्त्यावर फटाके फोडीत जाणाऱ्या मंडळींशी या कामाची गल्लत होऊ नये. पोलीस तसले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतात, आणि त्या प्रसंगी आमची सहानुभूती रोडरोलरकडे असते. रोटरीत धुराचे भोक एकदम उघडते, म्हणून तिचा आवाज मुळातच कर्कश आणि धूर अतिशय तप्त. चांगला सायलेन्सर बसवणे हा या कामातला अर्धा खर्च होता.

आता आमचे पान. मराठी विश्वकोशात ‘अंतर्ज्वलन-एंजिन’ अशी नोंद आहे, तिच्यापासून आम्ही आरंभ केला. परिभाषा कोश पालथे घातले. दोन रविवार खर्चून एक पान सिद्ध केले, टंकलिखित करून घेतले आणि काहीशा अभिमानाने त्याच्या हाती दिले. त्याने ते गॅरेजाच्या दारात उभ्याने वाचले. मग कानावरची पेन्सिल काढली.

‘अंतर्ग्रहण द्वार’ गेले, ‘इनटेक पोर्ट’ आले. ‘निष्कास’ गेला. ‘अधिव्याप्ती’ या शब्दापाशी तो थांबला, त्याने आम्हांस अर्थ विचारला, आम्ही सांगितला, तो म्हणाला, “ओव्हरलॅप,” आणि खोडले. ‘इंधनमिश्रित वायू’ याच्या जागी ‘ताजा माल’, आणि ‘ज्वलनोत्तर वायू’ याच्या जागी ‘जळका माल’. ‘घूर्णक’ या शब्दावर मुले मोठ्याने हसली. तेथे ‘समोसा’ आला. ‘कड’ राहिला. ‘वळण’ राहिला. ‘गाळा’ राहिला, तो आवडल्याचे त्याने मुद्दाम सांगितले. जेथे आम्ही ‘छिद्र’ लिहिले होते तेथे पेन्सिल क्षणभर घुटमळली. त्याने आमच्याकडे पाहिले नाही. ‘छि’ आणि ‘द्र’ यांवर एक सरळ रेघ मारून वर ‘भोक’ लिहिले. शेवटी स्वतःचे एक वाक्य घातले : ‘फाइल मारण्याआधी चहा प्या, मग परत मोजा.’

इंजिन दिवाळीनंतर मालकाच्या गाडीत बसले. आम्ही त्या दिवशी गेलो होतो. सावकाश वेगात ते अजूनही थोडे अडखळते, कारण भुवई पूर्ण बुजलेली नाही. पण सिग्नलला बंद पडत नाही, आणि चढत जाताना त्याचा आवाज तुटत नाही, एका सुरात वर जातो. मालक खूश होता. पान भिंतीला लागले आहे, एका बाजूला पान्ह्यांचा फळा, दुसऱ्या बाजूला कॅलेंडर.

त्या संध्याकाळी, मुले हात धुवायला गेली असताना, आम्ही त्याला एकदाचे विचारले की ती बावीस पाने आहेत का. म्हणाला, नाहीत, २००५ च्या पुरात वाचलेली घरातली कपाटं पुढं वाळवीनं खाल्ली, त्यात गेली. मग आम्ही म्हटले, पुन्हा लिही. आरएक्सवर, या रोटरीवर, मातीच्या गोळ्यावर, हवे त्यावर. आम्ही छापून आणू. तो चिंधीने बोटे पुसत राहिला, एकेक बोट.

“पानं किती, मॅडम?” त्याने विचारले.